सुमात्रातला दोन हेक्टरवाला पाम शेतकरी जंगलाकडे कसा बघतो

कृषी विस्तार विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : "मला पाम लावणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांची मतं गोळा करायची आहेत. इंडोनेशियातल्या अशा शेतकऱ्यांना जैवविविधतेचं काही वाटतं का, की भाव मिळाला की झालं? टिकाऊ शेती त्यांना पटते का, आणि पटली तरी परवडते का?"

मी दापोलीला शिकलो, सुरुवातीची वर्षं नारळ-सुपारीत काढली आणि नंतर अकरा वर्षं सुमात्रा बेटावरच्या जांबी प्रांतात छोट्या पाम उत्पादकांच्या गटांबरोबर काम केलं. म्हणून उत्तर जांबीपुरतंच देतो. इंडोनेशिया मोठा देश आहे, आणि तिथल्या पामखालच्या जमिनीपैकी सुमारे 40 टक्के जमीन छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. सगळ्यांच्या वतीने मी बोलू शकत नाही.

थोडक्यात सांगायचं तर, वाटतं. पण 'जैवविविधता' या नावाने नाही. त्यांच्या भाषेत या संकल्पनेला 'केआनेकारागामान हायाती' म्हणतात. नीट ऐकलं तर त्यात आपला 'अनेक' आहे आणि आपली 'हयात'ही आहे. पण हा शब्द सरकारी कागदावरचा. गावात बसून हा शब्द काढला की लोक मान डोलावतात आणि विषय संपतो. त्याऐवजी घुबड, डुक्कर, विहीर, ओढ्यातले मासे यांचं नाव काढा, रात्र पुरत नाही.

सुरुवातीचा एक प्रसंग सांगतो. सुंगाई बाहार भागातले एक साठीचे गृहस्थ, मूळचे मध्य जावाचे. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला 'पाक' म्हणतात, मीही त्यांना तेच म्हणायचो आणि ते मला 'पाक इंडिया'. त्यांच्या बागेतले घड बाहेरून बरे दिसायचे, आतून मात्र अर्धे रिकामे. फळं भरलेलीच नाहीत. त्यांचा संशय खतावर होता. मी त्यांना उमललेला नर फुलोरा तोडायला लावला. तेलपामच्या नर फुलाला बडीशेपेसारखा वास येतो, इतका स्पष्ट की डोळे मिटून सांगता यावं. फुलोरा तळहातावर आपटला तर एखाददुसरा तपकिरी सोंड्या भुंगा पडला, जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा. शेजारच्या बागेतला फुलोरा आपटला, तर तळहात भरून भुंगे. या गृहस्थांनी पानं खाणाऱ्या अळीसाठी सरसकट कीटकनाशक मारलं होतं, आणि सुकलेले नर फुलोरे 'घाण दिसते' म्हणून तोडून जाळले होते. हा भुंगा वाढतो त्या सुकणाऱ्या नर फुलोऱ्यातच.

या भुंग्याची गोष्ट प्रत्येक पामवाल्याला माहीत हवी. तेलपाम मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. 1848 मध्ये त्याची चार रोपं जावातल्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात लावली गेली. झाड आलं, पण त्याचा परागीभवन करणारा भुंगा मागेच राहिला. त्यामुळे मलेशियातल्या मळ्यांवर पुढे कित्येक वर्षं मजूर लावून हाताने पराग शिंपडावा लागे. 1981 मध्ये कॅमेरूनहून हा भुंगा, 'एलायडोबियस कॅमेरुनिकस', मलेशियात आणून सोडला. पाकिस्तानी कीटकशास्त्रज्ञ रहमान सय्यद यांनी त्याचा आधी बारकाईने अभ्यास केला होता. थोड्याच काळात हाताने परागीभवन करणं बंद पडलं. त्यानंतर तो इंडोनेशियात आला, भारतातही आला. हे सगळं त्या गृहस्थांना सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ तळहाताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे ही माणसं माझ्याकडे बिनपगारी राबतायत आणि मी त्यांचं घर जाळतोय." पुढच्या आठवड्यात वजनकाट्यावर हीच गोष्ट ते दुसऱ्यांना सांगत होते, माझ्यापेक्षा चांगली.

शेतकऱ्याचं मत असं तयार होतं. जीव कुठलं काम करतो किंवा कुठली नासधूस करतो, तिथून. गव्हाणी घुबडाचंही तसंच. इंडोनेशियन भाषेत घुबडाला 'बुरुंग हांतू' म्हणतात, म्हणजे भुताचा पक्षी. त्याचा आवाज घरावर आला की कोणीतरी जाणार, ही समजूत आपल्यासारखीच तिकडेही. पण उंदीर पामची फळं कुरतडतात आणि घुबड उंदीर खातं, हे घुबडासाठी बांधलेल्या घरट्याच्या पेटीखाली पडलेल्या, त्याने ओकलेल्या गोळ्या फोडून, आतली उंदरांची हाडं दाखवून सांगितलं की तेच लोक स्वतः पेट्या बांधतात. काही घरांत मात्र आजी असेतो पेटी लागली नाही, आणि मी त्यासाठी आग्रहही धरला नाही.

रानडुकराबद्दल मात्र कोणाकडे चांगला शब्द मिळणार नाही. कोवळ्या रोपाचा कोंब ते खणून खातं, आणि मुस्लिम वस्तीत त्याच्या मांसाचाही उपयोग नाही. साळिंदरही तसंच. उत्तरेकडे बुकित तिगापुलुह राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला तर हत्ती येतात आणि एका रात्रीत दोन वर्षांची लागवड जाते. त्या शेतकऱ्याने हत्ती वाचवण्याबद्दल कडवट उत्तर दिलं तर ते अज्ञान समजू नका. त्याचं नुकसान खरं आहे आणि ते भरून देणारं बहुतेक वेळा कोणी येत नाही.

शेतकरी कोणता, हेही आधी विचारा. जांबीत ढोबळमानाने दोन प्रकारची घरं आहेत. एक, 1980 नंतरच्या स्थलांतर योजनेत जावाहून आणून वसवलेली. त्यांना घराची जागा आणि दोन हेक्टर पाम मिळाला, कारखान्याशी बांधलेला. त्यांच्या आठवणीतलं जंगल म्हणजे आल्या दिवसाची भीती, मलेरिया आणि कापलेले ओंडके. दुसरी घरं स्थानिक मलायू लोकांची. ही माणसं पिढ्यान् पिढ्या रबर लावत आली. त्यांचं रबर म्हणजे आपल्या कल्पनेतला ओळीतला मळा नव्हे. रबराच्या झाडांत डुरियनची फळझाडं, शेंगांची पेताई, वेत, जंगली झाडं सगळं एकत्र वाढू दिलेलं, बाहेरून जंगलच वाटावं असं. याला तिकडे 'रबराचं जंगल'च म्हणतात. 2011 नंतर रबराचा भाव कोसळला आणि ती जंगलं एकामागून एक पामखाली गेली. नुसता भाव हे कारण नाही. रबराला पहाटे उठून चीक काढायला जावं लागतं, आणि पाऊस आला की दिवस बुडाला. पामला दर दहा-पंधरा दिवसांनी कापणी. मधल्या वेळात माणूस दुसरीकडे मजुरी करतो, दुकान टाकतो. एका दिवसाच्या मेहनतीला पाम जास्त देतो. हे गणित आपण समजून घेतलं नाही, तर त्यांना हावरट म्हणून मोकळे होतो. मला ते फार लागतं, कारण ती माणसं मी घरात बसून पाहिली आहेत.

गेलं काय, हे मलायू घरांना नेमकं माहीत असतं. एका बाईंनी मला ओढ्याकाठी उभं करून बोटांवर मोजत सांगितलं, इथे कोणते मासे मिळायचे, कुठल्या नेच्याची भाजी करायची, कुठल्या झाडावर मधमाशा बसायच्या. जुन्या अभ्यासांचं संकलन सांगतं की जंगलात आढळणाऱ्या प्राण्यांच्या प्रजातींपैकी सुमारे 15 टक्केच पामच्या मळ्यात सापडतात. त्या बाईंची यादी आणि हा आकडा एकच गोष्ट सांगतात, पण त्यांना तो आकडा कोणी कधी सांगितलेला नव्हता. त्यांच्या अंगणात पामची रोपंही होती. मुलगा जांबी शहरात शिकत होता, त्याची फी त्यातून जाणार होती.

सगळ्यात जास्त बोलतात ते पाण्यावर. 'सावित राकुस आइर', पाम पाण्याला हावरा, हे वाक्य कुठल्याही गावात ऐकू येतं. पाम आल्यापासून कोरड्या महिन्यांत विहिरी आटतात, ही तक्रार तिथल्या अभ्यासांतही नोंदली गेली. मोजमापातून दिसलं ते थोडं गुंतागुंतीचं आहे. वाढलेला पाम पाणी भरपूर पितो हे खरंच, पण उघडी पडलेली, ट्रकांनी आणि पायांनी घट्ट झालेली जमीन पाऊस मुरू देत नाही, हेही तितकंच खरं. पाणी वरून वाहून जातं, ओढा पावसात फुगतो आणि नंतर सुकतो. ही दुसरी बाजू शेतकऱ्याच्या हातातली आहे, म्हणून मी तीच धरायचो. कापलेल्या झावळ्या ओळीत न जाळता रचा, कारखान्यातून रिकामे घड परत आणून आच्छादनाला टाका, आणि तणनाशक फक्त आळ्यात आणि कापणीच्या वाटेवर मारा. मधल्या पट्ट्यात नेचे वाढू द्या.

इथे एक अडचण येते. त्यांना 'स्वच्छ बाग' हवी असते. जमीन झाडून काढल्यासारखी, खोडावरचे नेचेसुद्धा खरवडलेले. तण दिसलं की गाव म्हणतं, आळशी आहे. कोकणात पडीक ठेवलेल्या बागेवरून जसं बोलतात तसंच. ही अब्रूची गोष्ट आहे, ती माहितीपत्रक वाटून जात नाही. गटातल्या सर्वात मानाच्या शेतकऱ्याने आपल्या बागेत नेचे राखले आणि त्याचं वजन घटलं नाही, हे दोन हंगाम दिसलं, मगच बाकीचे हलले.

जांबीतल्याच एका सरकारी मळ्यावर जर्मन आणि इंडोनेशियन विद्यापीठांनी मिळून प्रयोग केला. तणनाशकाऐवजी यंत्राने तण कापलं आणि खत कमी केलं, तरी पहिल्या काही वर्षांत उत्पन्न पडलं नाही, खर्च वाचून नफा वाढला आणि जमिनीवरच्या वनस्पतींची विविधता वाढली. हा निष्कर्ष मोलाचा आहे. पण तो छोट्या शेतकऱ्याला जसाच्या तसा सांगू नका. मोठ्या मळ्यावर आधी वर्षानुवर्षं भरपूर खत पडलेलं असतं. छोट्याच्या बागेत उलट पालाशची, म्हणजे पोटॅशची, उपासमार असते. घडांतून पालाश भरपूर उचललं जातं आणि तो टाकतो युरिया, कारण युरिया स्वस्त आणि पानं हिरवी दिसतात. त्याला 'खत कमी करा' म्हणणं म्हणजे अशक्त माणसाला उपास सांगणं.

आता परवडण्याबद्दल. छोट्याला वर्षाला हेक्टरी बारा-चौदा टन घड निघतात, नीट राखलेल्या चांगल्या बागेतून वीसच्या पुढेही निघतात. हा फरक कुठून येतो? बराचसा रोपांतून. तेलाला चांगलं झाड म्हणजे 'टेनेरा', हा संकर. टेनेरा बागेखाली पडलेली बी उचलून रोपं केली, तर ढोबळमानाने निम्मीच टेनेरा निघतात. पाव 'डुरा', जाड कवचाची आणि कमी तेलाची. पाव 'पिसिफेरा', ज्यांना बहुधा घडच धरत नाही. उत्तर सुमात्रातल्या मारिहात संशोधन केंद्राच्या नावावर अशी वेचलेली रोपं विकली जातात. शेतकरी त्यांना 'मारिलेस' म्हणतात, मारिहातच्या झाडाखालून वेचलेलं. चौथ्या वर्षी कळतं की फसलो, आणि झाड तर पंचवीस वर्षांचं. एका शेतकऱ्याला मी ही वाटणी कागदावर काढून दाखवली. तो काही बोलला नाही, उठून बागेत गेला आणि ज्या झाडांना कधीच घड लागला नव्हता, त्यांना एकेक करून चुन्याची खूण करत आला. दोन हेक्टरात खुणा करायला त्याला दुपार लागली.

मग विक्री. घड कापल्यावर दिवस-दोन दिवसांत कारखान्यात गेला नाही, तर तेलातली आम्लता वाढते. त्यामुळे भावासाठी थांबणं नाही. अडत्या, तिकडे 'टोके', काट्यावर कडता कापतो, आणि त्याच्याकडूनच खताची, लग्नाची, आजारपणाची उचल घेतलेली असते. 28 एप्रिल 2022 ला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली, 23 मे ला उठवली. तेवढ्यात टाक्या तुडुंब भरल्या, कारखान्यांनी घड घेणं थांबवलं आणि पुढच्या आठवड्यांत भाव निम्म्याच्याही खाली गेला. मी घड झाडाखाली सडताना पाहिले. त्याच वर्षी पालाशचे भावही चढलेले. अशा वर्षी शेतकऱ्याला घुबडाच्या पेटीबद्दल विचारायला मला तोंड नव्हतं.

टिकाऊ शेतीच्या प्रमाणपत्राचं उत्तरही यातच आहे. 2004 मध्ये शाश्वत पामतेलाचं आंतरराष्ट्रीय व्यासपीठ, आरएसपीओ, सुरू झालं. 2011 मध्ये इंडोनेशियाचं स्वतःचं सरकारी प्रमाणपत्र, आयएसपीओ, आलं. 2019 मध्ये आरएसपीओने स्वतंत्र छोट्या शेतकऱ्यांसाठी सोपा केलेला नियमसंचही काढला. शेतकऱ्यांना त्यातलं प्रशिक्षण आवडतं, गट आवडतो, खरं बियाणं मिळतं ते आवडतं. अडतं ते जमिनीच्या कागदावर आणि मोबदल्यावर. युरोपचा जंगलतोडविरोधी कायदा 31 डिसेंबर 2020 नंतर तोडलेल्या जंगलावरचा माल घेणार नाही म्हणतो आणि प्रत्येक तुकड्याचं भौगोलिक स्थान मागतो. त्याची अंमलबजावणी लांबत गेली, तरी गावात त्याची धास्ती आहेच. "मी जंगल तोडलं नाही हे मला माहीत आहे, पण माझ्याकडे कागद नाही," हे मी कितीदा ऐकलं. आणि इथे आपला संबंध येतो. भारत जगातला सर्वात मोठा पामतेल खरेदीदार, पण आपला बाजार प्रमाणपत्र फारसं विचारत नाही, भाव विचारतो. महाराष्ट्रात 2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांच्या 'आनंदाचा शिधा'मध्ये जे लिटरभर पामतेल घरोघर गेलं, ते कोणाच्या बागेतलं हे विचारण्याची सोयच आपल्याकडे नाही. तो शेतकरी मला विचारायचा, "तुमच्या देशाला हे नको आहे का?" मला उत्तर देता आलं नाही.

ओढ्याकाठचा नियमही असाच. इंडोनेशियात लहान नदीच्या दोन्ही काठांना 50 मीटर पट्टा सोडायचा आहे. शंभर बाय दोनशे मीटरचा तुकडा आणि शंभर मीटरच्या बाजूला ओढा असेल, तर अर्धा हेक्टर गेला, म्हणजे चौथाई उत्पन्न. हे ऐकून तो 'हो' म्हणतो आणि काही करत नाही. पण पुनर्लागवडीच्या वेळी तोच माणूस ऐकतो. पंचवीस वर्षांनी झाडं उंच होतात, कोयता पोचत नाही, सगळं पाडून नव्याने लावावं लागतं. 2017 पासून सरकार त्यासाठी निर्यात शुल्काच्या निधीतून अनुदान देतं. हेक्टरी अडीच कोटी रुपियापासून सुरू होऊन 2024 मध्ये ते सहा कोटी रुपियांवर गेलं. (दचकू नका, हजार रुपिया म्हणजे आपले पाच-सहा रुपये.) नव्या लागवडीनंतरच्या तीन-चार वर्षांत पामचं उत्पन्न शून्य. जमीन मोकळी, ऊन भरपूर, आणि माणूस दुसरं काय लावू म्हणून विचारत असतो. ओढ्याकाठची ओळ तशीही पाण्यात बुडते, तिथला घड कधीच भरत नाही. "तेवढी ओळ पुन्हा लावू नका, तिथे पेताई आणि जेंगकोल लावा," एवढंच म्हणायचं. दोन्ही उग्र वासाच्या शेंगा आहेत आणि बाजारात चांगल्या जातात. पन्नास मीटर होत नाहीत, दहा होतात. मी दहा आनंदाने घेतले.

जांबीत एका मळ्यावर 2013 मध्ये पामच्या मधे झाडांची 52 बेटं लावली, काही पाच बाय पाच मीटरची, काही चाळीस बाय चाळीस. बेटांत काही पाम काढले आणि स्थानिक झाडं लावली : पेताई, जेंगकोल, डुरियन, मेरांती, जेलुतुंग, सुंगकाई. दहा वर्षांनी 2023 मध्ये निकाल छापून आला. बेटांत जैवविविधता वाढली, आणि एकूण मळ्याचं पामचं उत्पन्न घटलं नाही. मी काही शेतकऱ्यांना ती बेटं दाखवायला नेलं होतं. त्यांनी डुरियन आणि जेंगकोलची रोपं मागितली. मेरांतीला सगळे नाही म्हणाले. इमारती लाकूड आहे, उद्या कापायला परवानगी कोण देणार, आणि झाड मोठं झालं की जमीनच वनखात्याची ठरली तर? ही भीती रास्त आहे. ती दूर केल्याशिवाय 'स्थानिक झाडं लावा' हे सांगण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट कबूल करायला हवी. उत्पन्न वाढलं की शेतकरी जंगल तोडायचा थांबतो, असं मी सुरुवातीला मानायचो. तसं आपोआप होत नाही. माझ्या गटातल्या दोघांनी वाढलेल्या पैशातून वरच्या अंगाला आणखी जमीन घेतली, आणि ती कशी मोकळी झाली हे मी विचारलं नाही. जंगल राखायचं काम सरकारचं आणि कायद्याचं आहे. बागेतल्या घुबडावर आणि नेच्यावर ते ढकलता येत नाही.

आपल्याकडे 2021 मध्ये 11,040 कोटींचं राष्ट्रीय पामतेल अभियान आलं. गोव्यात, आंध्रात, तेलंगणात पाम आधीपासून आहे आणि अभियानाचा भर ईशान्येवर आहे. मिझोरममध्ये डांपा व्याघ्र प्रकल्पाभोवती केलेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की फिरत्या शेतीच्या 'झूम' पट्ट्यांत पामपेक्षा जास्त रानपक्षी टिकतात. म्हणून तुमचं सर्वेक्षण कुठेही असो, पामच्या आधी त्या जमिनीवर काय होतं हा प्रश्न पहिला ठेवा. भाताच्या खाचरावर पाम आणि जंगलावर पाम, दोन्हीची उत्तरं एकत्र मिसळू नका.

प्रश्नावलीतून 'जैवविविधता महत्त्वाची वाटते का' हा प्रश्न काढून टाका. सगळे हो म्हणतील. त्याऐवजी विचारा : विहिरीचं पाणी कुठल्या महिन्यात तळाला जातं, आणि दहा वर्षांपूर्वी कधी जायचं? बागेत साप दिसला तर काय करता? नर फुलोऱ्याचं काय करता? रोपं कोणाकडून घेतली, पावती आहे का? उचल कोणाकडून आहे? पुढची लागवड कधी, आणि कुठली ओळ पुन्हा लावणार नाही? बायकांना वेगळं विचारा. गळलेली फळं त्या वेचतात, फवारणीही बऱ्याच ठिकाणी त्याच करतात, आणि ओढ्यात काय उरलंय हे पुरुषांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. कापणीच्या दिवशी जाऊ नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जा, विक्रीची पट्टी हातात आलेली असते आणि माणूस ओट्यावर बसलेला असतो.